संग्रहालय आणि मुलांचे हात

जुन्या वस्तूंचें आपण काय देणें लागतों, हा प्रश्न वरवर दिसतो तितका रिकामटेकडा नाहीं. ज्या समईच्या उजेडांत चार पिढ्या जेवल्या, ज्या अडकित्त्यानें पणजोबांनीं सुपारी कातरली, त्या वस्तु घरांत होत्या तोंवर त्यांच्याविषयीं कोणीं विचार केला नाहीं. आणि त्या कांचेच्या कपाटांत जाऊन बसल्या तेव्हां विचार करण्याचें काम संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांवर सोंपवून आपण मोकळे झालों. अलीकडे संग्रहालय आणि शाळा यांची गांठ घालून मुलांकडून चित्रें, मातीकाम, नाट्य असें कांहीं करवून घेण्याची पद्धत आपल्याकडेही रुजूं लागली आहे. तिचें कौतुक पुष्कळ होतें, थोडी थट्टाही होते. परंतु तिच्या मुळाशीं जो नैतिक प्रश्न आहे, त्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. पूर्वजांच्या हातची वस्तु मुलानें केवळ आदरानें पाहावी, कीं तिच्यावरून आपल्या हातानें कांहीं घडवावें? आणि घडवावयाचें, तर तें कोणत्या नात्यानें?

संग्रहालयाला आपल्याकडे पूर्वीं सामान्य माणूस अजबखाना म्हणे. मुंबईंत आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जाणारें संग्रहालय १८७२ सालीं लोकांना खुलें झालें. तेव्हांपासून किती पिढ्या तेथला अजबपणा पाहून गेल्या असतील! हा शब्द भाबडा खरा, पण त्यांत शहाणपण आहे. आश्चर्य वाटणें हीच तत्त्वज्ञानाची पहिली पायरी, असें ग्रीक तत्त्ववेत्ते मानीत. शाळेची सहल संग्रहालयांत येते, तेव्हां नेमकें हें आश्चर्यच दाराबाहेर राहतें. ‘रांगेनें चला, हात लावूं नका, बोलूं नका, पुढें सरका’ या चार आज्ञांच्या तालावर तासाभरांत शेंकडों वस्तु डोळ्यांपुढून जातात, आणि मुलांच्या लक्षांत राहतो तो बाहेर झाडाखालीं बसून खाल्लेला डबा. यांत मुलांचा दोष नाहीं. डोळ्यांना काम दिलें नाहीं, म्हणजे ते दुसरीकडे वळावयाचेच.

ही उणीव परदेशांत पुष्कळ वर्षांपूर्वीं ओळखली गेली. मँचेस्टरमधील अँकोट्स या गिरण्यांच्या वस्तींत टॉमस हॉर्सफॉल या गृहस्थानें १८८६ सालीं कलासंग्रहालय उघडलें, तें श्रमिकांसाठीं आणि त्यांच्या मुलांसाठीं. शाळांना चित्रें उसनीं देण्याचीही त्यानें सोय केली. ब्रुकलिन येथें १८९९ सालीं खास मुलांचें संग्रहालय निघालें. लंडनच्या नॅशनल गॅलरीनें १९९५ मध्यें एक साधा क्रम सुरू केला : संग्रहांतलें एकच चित्र निवडावयाचें, प्राथमिक शाळांतील मुलांनीं त्यावरून आपल्या मनाप्रमाणें कांहीं घडवावयाचें, आणि त्यांतील निवडक काम त्याच गॅलरींत मांडावयाचें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ सालीं मोटारींतून फिरतें संग्रहालय सुरू केलें, आणि २०१९ सालीं मुलांसाठीं स्वतंत्र संग्रहालयही उघडलें. तात्पर्य, कल्पना नवी नाहीं; परंतु ती आपण कशासाठीं स्वीकारावी, याचें उत्तर आपलें आपणांसच शोधलें पाहिजे.

उदाहरणादाखल पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालय घेऊं. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांनीं गांवोगांव हिंडून जन्मभर जें गोळा केलें तें प्रामुख्यानें राजवैभव नव्हे, तर घरगुती सामान होय : दिवे, अडकित्ते, दौती, कुलपें, पाय घासण्याच्या वज्र्या, भांडीं, वाद्यें, कोरीव दारें. आपला सात वर्षांचा मुलगा राजा वारल्यावर त्यांनीं संग्रहास त्याचें नांव दिलें, आणि १९७५ सालीं सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका बापाचें खाजगी दुःख अशा रीतीनें सर्वांचें धन झालें. तेथें मांडलेल्या बहुतेक वस्तूंच्या कर्त्यांचीं नांवें मात्र कोणासही ठाऊक नाहींत. कोणा तांबटानें, कोणा सुतारानें, कोणा ओतारीानें त्या केल्या, विकल्या आणि तो नाहींसा झाला.

आमच्या मतें प्रश्नाचें मर्म येथें आहे. आपल्या परंपरेंत तीन ऋणें सांगितलीं आहेत, आणि त्यांपैकीं ऋषिऋण फेडण्याचा मार्ग स्वाध्याय हा सांगितला आहे. ऋषींना नुसता नमस्कार करून तें फिटत नाहीं. त्यांनीं जें जाणलें तें स्वतः जाणण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. पण ज्यांनीं ग्रंथ रचले नाहींत, ज्यांनीं समई ओतली आणि कुलूप घडविलें, त्यांच्या ऋणाचें काय? तें आम्हां पांढरपेशांच्या हिशेबांत कधीं धरलेंच गेलें नाहीं. लेखणीला सरस्वती मानून आम्हीं तिची पूजा केली. हातोडीची पूजा ती चालविणाऱ्याच्या घरीं दसऱ्याला झाली, आणि त्या पूजेस आम्ही क्वचितच गेलों. हें दुसरें ऋणही स्वाध्यायानेंच फिटेल, आणि हा स्वाध्याय हातानें करावयाचा आहे.

चित्रकलेच्या शिक्षणांत दोन टोकाचीं मतें फार दिवस चालत आलीं आहेत. एक पक्ष म्हणतो, समोरची वस्तु हुबेहूब काढावी. रेघ चुकली कीं गुण गेले. दुसरा पक्ष म्हणतो, मुलाला कोणताच नमुना दाखवूं नये. त्याच्या अंतरांतलें आपोआप फुलूं द्यावें. व्हिएन्नांत १८९७ सालीं मुलांचा कलावर्ग काढणारे फ्रांझ चिझेक हे या दुसऱ्या विचाराचे अग्रणी. पहिल्या पक्षानें मुलांचा आत्मविश्वास मारला, म्हणून दुसरा जन्मास आला, आणि त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु नमुन्याची नक्कल करणारा आणि नमुन्याकडे न पाहणारा, या दोघांनाही तो नमुना असा कां झाला हें विचारण्याचें कारण पडत नाहीं. संग्रहालयांतील वस्तु हा प्रश्न विचारावयास लावते, आणि म्हणूनच ती शाळेच्या उपयोगाची.

समजा, वर्गानें संग्रहालयांत जाऊन दिवसभरांत एकच अडकित्ता पाहिला. त्याचे दांडे लांब कां, सुपारी खिळीच्या जवळच कां धरावयाची, हें मुलांनीं विचारिलें म्हणजे पाठ्यपुस्तकांतली तरफ त्यांच्या हातीं आली. मग मातीचा किंवा पुठ्ठ्याचा अडकित्ता करून पाहतां त्यांना कळतें कीं, दोन पातीं एका खिळीवर सरळ फिरतील अशीं बसविणें हें सोपें काम नव्हे. आणि ज्यानें तीं बसवून वर घोड्याचा किंवा मोराचा आकार दिला, त्यानें गरज भागल्यावरही हात थांबविला नाहीं. किंवा तांब्याचा हंडा घ्या. कसबा पेठेंतील तांबट आळींत मठारकाम आजही पाहावयास मिळतें. ठोकून ठोकून तांबें कडक होतें, फार कडक झालें तर तें तापवून पुन्हा मऊ करावें लागतें, आणि अंगावर जे ठोके ओळीनें चमकतात ते केवळ शोभेसाठीं नसून त्यांनीं भांड्याला बळकटी येते. हें ज्यानें तांबटाजवळ बसून पाहिलें आणि पत्र्याच्या तुकड्यावर स्वतः चार ठोके मारून पाहिले, तो मुलगा कपाटापुढें परत येईल तेव्हां तोच हंडा त्याला निराळा दिसेल. आतां त्याला माणूस दिसतो. आणि त्या वर्गांत एखादा मुलगा तांबटाच्याच घरचा असेल, तर त्या दिवशीं शिकविण्याचा मान त्याचा असेल. जी विद्या सांगण्यास तो आजवर संकोचत होता, ती संग्रहालयाच्या कांचेआड सन्मानानें ठेविलेली आहे, हें त्याला आणि त्याच्या सोबत्यांना एकाच वेळीं कळणें ही लहान गोष्ट नव्हे.

आतां आमच्या वाचकांस थोडें कडू सांगितलें पाहिजे. शाळेनें ‘प्रकल्प’ सांगितला कीं सुशिक्षित घरांत काय होतें, हें सर्वांना ठाऊक आहे. रात्रीं उशिरापर्यंत आई कात्री चालविते, वडील बाजारांतून तयार तुकडे आणतात, आणि सकाळीं मूल झोपाळू डोळ्यांनीं तें देखणें काम शाळेंत नेतें. गुण मिळतात, बक्षीसही मिळतें. मुलाला कला तर येत नाहींच, पण दुसऱ्याच्या श्रमावर आपलें नांव घालावयास मात्र तें शिकतें. अनामिक कारागिराची ओळख व्हावी म्हणून योजिलेल्या उपक्रमाचा यापेक्षां उलटा परिणाम कोणता? आई-बापांचा हेतु प्रेमाचा असतो, हें आम्ही जाणतों. तथापि वांकडी समई ज्या मुलानें स्वतः केली, त्यालाच सरळ समईचें मोल कळतें. आणि वांकडेपणाची लाज त्याला घरच्यांनींच शिकविली, तर तें मोल त्याला कधींच कळणार नाहीं.

कोणी म्हणतील, मुलांच्या वेड्यावांकड्या कामांना जुन्या कलाकृतींच्या शेजारीं बसविणें हा त्या कृतींचा अपमान आहे. प्रदर्शन हेंच उपक्रमाचें साध्य झालें, तर हा आक्षेप खरा ठरेल. म्हणून आम्ही स्पर्धा आणि बक्षिसें यांच्या विरुद्ध आहों. मुलाचें काम शेजारीं मांडावयाचें तें बरोबरीच्या नात्यानें नव्हे, शिष्याच्या नात्यानें. वस्तूंना धोका पोंचेल, ही संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांची चिंताही रास्त आहे. मूळ वस्तु कपाटांतच राहावी. हातांत देण्यास प्रतिकृति, माती आणि पत्रा पुरेसा आहे. शिक्षकांना वेळ नाहीं, ही तक्रार सर्वांत खरी. तिच्यावर आमचें उत्तर एवढेंच कीं, पन्नास वस्तु दाखविणाऱ्या चार सहलींऐवजीं एका वस्तूसाठीं चार वेळां जावें.

संग्रहालय हें समाजानें पुढच्या पिढीसाठीं ठेविलेली ठेव आहे, आणि ठेव ज्याची त्याला दिली नाहीं तर ठेवणाऱ्यास दोष लागतो. ती देण्याची रीत वस्तु हातीं सोंपविण्याची नसून, ती वस्तु करणाऱ्या हातांचे कष्ट मुलाच्या हाताला ठाऊक करून देण्याची आहे. म्हणून मुलांनीं घडवावें, ऋणकोच्या नात्यानें घडवावें, आणि तें स्वतः घडवावें. ज्या मुलांना हे कष्ट ठाऊक होतील तीं मोठेपणीं सर्व कलावंत होतील असें नाहीं. तशी अपेक्षाही नाहीं. पण भांडें घेतांना, दार ओलांडतांना, कारागिराशीं पैशांची घासाघीस करतांना त्यांचा हात क्षणभर थबकेल. शाळेनें आणि संग्रहालयानें मिळून एवढें साधलें, तरी या उपक्रमांवर खर्चिलेला वेळ आणि पैसा सत्कारणीं लागला असें आम्ही समजूं.