हाकेला ओ

आषाढात भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी चालते. चिखलात एखाद्या बाईच्या अनवाणी पायात काटा रुततो आणि तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. दुखावलेली ऊती रासायनिक संकेत सोडते. तो जिकडे दाट, तिकडे पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून सरकतात. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून अशीच धाव पाहिली होती.

धावण्याइतकेच थांबणेही मोलाचे. जखम भरू लागली की हाक ओसरते. कर्करोगाची पेशीही सरकते. पण ती मर्यादा मानीत नाही. तो रुग्णाचा दोष नव्हे. पेशीला पाप-पुण्य नसते. तिला नकारही ठाऊक नसतो.

आपल्याला तो ठाऊक आहे. संत पौलाने ख्रिस्तसभेला शरीर म्हटले. एका अवयवाचे दुःख साऱ्यांचे. मात्र या शरीरातील पेशी स्वतंत्र आहेत. बांधावर बसलेल्या त्या बाईची उरलेली लावणी पुरी करण्यास आपण चिखलात उतरणार की नाही, हे कोणतेही रसायन ठरवीत नाही. न जाण्याची मुभा असूनही जाणे, यालाच आम्ही प्रीती म्हणतो.