झूल आणि खांदा

रूप श्रेष्ठ की गुण, हा वाद मराठी माणसाला नवा नाही. सोयरीक जुळवताना, बैल विकत घेताना, घर बांधताना तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. अलीकडे मात्र तो एका वेगळ्याच वस्तूच्या निमित्ताने आमच्या घरांतून ऐकू येतो. ती वस्तू म्हणजे सुपरबाइक. हैदराबाद–नागपूर महामार्ग, पूर्वीचा ७ व आताचा ४४ क्रमांकाचा, आमच्या इचोड्यावरून जातो. त्या रस्त्याने धावणाऱ्या भारी मोटारसायकली आमची मुले डोळे भरून पाहतात, आणि मग घरात प्रश्न निघतो: अशी नवी गाडी घ्यायचीच झाली तर पाहावे काय? ती दिसते कशी, की चालते कशी? वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते की दिसण्यावर जाऊ नये. हे उत्तर चुकीचे नाही, पण घाईचे आहे असे आम्हांस वाटते. त्याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे पूर्वज या काळ्या जमिनीत स्थिरावले ते बैलाच्या बळावर. बैलाची पारख हीच त्यांची गुणदोषांची शाळा होती. लाल कंधारी घ्यावा की गवळाऊ, याची चर्चा बाजारात तासन्‌तास चाले. कातडीचा रंग आणि शिंगांची ठेवण पाहिली जाई, पण तेवढ्यावर सौदा होत नसे. दात मोजले जात, खूर तपासले जात, चार पावले चालवून पाहिले जाई, आणि मगच रुमालाखाली बोटांनी भाव ठरे. तरीही हाच शेतकरी पोळ्याला शिंगे रंगवी, बाशिंगे बांधी, झूल घाली आणि आपली जोडी गावभर मिरवी. म्हणजे त्याला रूपाचे वावडे नव्हते. मात्र पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हे विसरता येणार नाही. जेथे वर्षभर जू बसते तो खांदा लोणी आणि हळद लावून चोळला जातो. आधी खांद्याचा मान आणि मग झुलीचा, असा हा क्रम आहे. त्यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात. त्या बैलाला खांदा असून नसल्यासारखा. तो निव्वळ रूपच असतो. तरी त्याला कोणी फसवा म्हणत नाही, कारण त्याने नांगर ओढावा अशी कोणाची अपेक्षाच नसते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रूप स्वतः खोटे नसते. जे काम अंगात नाही त्याचे वचन देऊ लागले म्हणजे ते खोटे ठरते.

येथे कोणी चोखोबांचा उसाचा दाखला देईल. तो दाखला थोर आहे, पण तो माणसाविषयी आहे. माणसाने आपले रूप निवडलेले नसते. म्हणून रूपावरून त्याची किंमत करणे हा अन्याय होय. यंत्राचे तसे नाही. त्याची प्रत्येक रेषा कोणीतरी विचारपूर्वक आखलेली असते. तेव्हा यंत्राच्या रूपाकडे पाहणे म्हणजे एका कारागिराच्या कामाकडेच पाहणे होय.

सुपरबाइकच्या इतिहासातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. इटलीतील डुकाटी कंपनीची ९१६ ही गाडी १९९४ मध्ये बाजारात आली. मास्सिमो तांबुरिनी यांनी रेखाटलेली ही गाडी आजही जगातील सर्वांत देखण्या मोटारसायकलींत गणली जाते. तिचे मागचे चाक एकाच बाजूच्या भुजेवर तोललेले होते. शर्यतीत चाक झटपट बदलता यावे, हा या रचनेचा मूळ उपयोग. पण लोकांना ती सुंदर वाटली आणि उपयोग मागे पडून सौंदर्यच उरले. २००३ मध्ये तिच्या जागी ९९९ आली. पिएर तेरब्लांश यांच्या या गाडीला भुजा दोन्ही बाजूंना होत्या आणि पुढचे दिवे एकावर एक होते. तिने २००३, २००४ आणि २००६ अशी तीन वर्षे जागतिक सुपरबाइक स्पर्धेत विजेतेपद मिळवून दिले. तरीही चाहत्यांच्या मनात ती भरली नाही. २००७ साली कंपनीने १०९८ आणली, ती जुन्या वळणाचे दिवे आणि एका बाजूची भुजा परत घेऊनच. येथे रूपाने गुणावर मात केली.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. १९९९ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीने हायाबुसा आणली. हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. वाऱ्याचा अडथळा कमीत कमी व्हावा म्हणून तिला फुगीर, गोलसर आकार दिला होता, आणि अनेकांनी तिला तेव्हा कुरूप ठरवले. पण ती ताशी ३०० किलोमीटरच्या घरात धावली आणि हळूहळू तोच आकार लोकांना डौलदार वाटू लागला. २००४ च्या ‘धूम’ चित्रपटानंतर आपल्याकडील मुलांनीही तिचे चित्र भिंतीवर लावले. येथे गुणानेच रूप घडवले. तात्पर्य, ही दोन्ही वरवर भासतात तितकी विभक्त नाहीत.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. जी कामगिरी आपण रूपापेक्षा श्रेष्ठ मानतो ती म्हणजे नेमके काय? आजच्या हजार सीसीच्या गाड्या दोनशे अश्वशक्तीच्या आसपास पोहोचल्या आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौपदरी महामार्गावर मोटारसायकलींसाठी ताशी ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. एवढा वेग या गाड्या पहिल्याच गिअरमध्ये ओलांडतात. उरलेले बळ रस्त्यावर वापरायचे कोठे? निर्मळच्या महबूब घाटात, की कापसाच्या गाड्यांची रांग लागलेल्या जिनिंगच्या फाटकासमोर? जी शक्ती कधीच वापरायची नाही, केवळ सांगायची आहे, तीही एक झूलच नव्हे काय? रूपाचा उपभोग निदान रोज घेता येतो. छापील आकड्याचा तोही नाही.

यावर कोणी म्हणेल की विहीर गरजेपेक्षा खोल असावी. हे मान्य. पण विहिरीची खोली दुष्काळात उपयोगी पडते. तीनशेच्या वेगाने भागेल असा दुष्काळ कोणता? राखीव सामर्थ्य हवेच असेल तर ते थांबण्यात हवे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून ब्रेक, टायर, वळणावरचा तोल आणि चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा हा गाडीचा खरा खांदा होय. सव्वाशे सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना ही यंत्रणा २०१९ पासून सक्तीची झाली, पण तिचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे आकडे वाचताना रूप की वेग हा वाद पोरका वाटू लागतो.

आमच्या भागातील बहुतेक मुलांच्या हाती सुपरबाइक येणार नाही; तिच्या रूपाची नक्कल केलेली लहान गाडी येईल. तेथे आमची चिंता अधिक आहे. आरसे काढून, सायलेन्सर कापून, भारी गाडीचा आव आणलेली लहान गाडी जे वचन देते ते तिच्या टायरांना आणि ब्रेकांना पाळता येत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ही गत. फरक इतकाच की कथलाच्या वाळ्याने जीव जात नाही.

म्हणून आमचे मत असे. रूप आणि मिरवण्याचा वेग यांतून निवड करायची तर रूप निवडावे. त्यात लबाडी कमी आहे. रूप आणि खरे काम यांतून निवड करायची तर काम आधी पाहावे आणि ते जुळले की रूपालाही मनमोकळा मान द्यावा. देखणी गाडी आवडणे हा मुलाचा दोष नाही. त्याला रागावण्याऐवजी आपल्या आजोबांनी बैल कसा पारखला हे एकदा सांगावे आणि दुकानात त्याच्यासोबत जावे. तेथे पहिला प्रश्न ‘किती पळते?’ असा नसावा. ‘थांबते कशी?’ असा असावा.