मुकादमी व स्वावलंबन

उत्तम शेती, मध्यम व्यापार व कनिष्ठ चाकरी, असे आपले लोक फार दिवसांपासून म्हणत आले आहेत. चाकरी करणाऱ्याने आपला आपण धनी व्हावे, ही इच्छा सर्वस्वी योग्य होय. ज्याच्या हाती भांडवल नाही अशा मजुरास त्यासाठी एक मार्ग जवळचा दिसतो. तो हा की, मोठ्या धन्याचे काही काम अंगावर घ्यावे व चार माणसे लावून ते पुरे करावे. ह्या मार्गाने मनुष्य खरोखर स्वतंत्र होतो काय, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम उक्ते काम घेणारा गवंडी पाहा. थापी व ओळंबा त्याचे स्वतःचे असतात. भिंतीचा दर तो स्वतः सांगतो. न पटल्यास काम नाकारतो. त्याच्या हाताखालचा बिगारी पाहून पाहून शिकतो आणि काही वर्षांनी स्वतः काम घेऊ लागतो. येथे एकाच्या स्वावलंबनातून दुसऱ्याचे स्वावलंबन निपजते.

आता ऊसतोडीची मुकादमी पाहा. बीड जिल्हा व आसपासच्या कोरडवाहू मुलखातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. निघण्यापूर्वी मुकादमाच्या हातून त्यांस उचल मिळते व ती हंगामभर तोडणी करून फेडावयाची असते. मजुरीवर सुमारे वीस टक्के कमिशन मुकादमास मिळते. काल कोयता धरणारा आज मुकादम झाला, तर त्यास कोणी दोष देऊ नये. त्यास काम ठाऊक असते व माणसेही ठाऊक असतात.

परंतु त्याचे म्हणून काय असते, हे नीट पाहावे. ऊस त्याचा नव्हे आणि कारखानाही त्याचा नव्हे. दर तो ठरवीत नाही. तो साखर संघ व कामगार संघटना ह्यांच्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ च्या करारात तो ३४ टक्क्यांनी वाढला. वाटलेला पैसाही बहुधा त्याचा नसतो. त्याने केवळ जबाबदारी पत्करलेली असते. उचल घेऊन एखादे जोडपे आले नाही, किंवा दोन मुकादमांकडून उचल घेऊन बसले, तर मागणी त्याच्या दारी येते. म्हणजे तो वरच्यांचा ऋणको व खालच्यांचा सावकार होतो. त्याच्या ताब्यात एकच वस्तू उरते, ती म्हणजे माणसे. मग स्वतःच्या ऋणाचे भय तो त्यांच्यावर घालतो. आजारी स्त्रीस फडात उभे करितो, खाड्याचे पैसे कापितो, आणि बाकी पुढल्या हंगामावर चढवून त्या कुटुंबास दुसरीकडे जाऊ देत नाही. कर्जापायी मनुष्याचे श्रम असे बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, “मुकादम स्वतःच बांधलेला, त्याने काय करावे?” ही अडचण खरी आहे. तथापि दर त्याच्या हाती नसला तरी हिशेब त्याच्या हाती आहे. उचल देताना ती नवरा व बायको दोघांसमक्ष मोजावी. प्रत्येक कोयत्यास वही द्यावी व तोडलेल्या टनांची नोंद रोज करावी. एका हंगामात फिटणार नाही इतकी उचल कोणाच्या गळ्यात घालू नये. उरलेली बाकी रोख देऊन जावयाचे असेल त्यास जाऊ द्यावे. असा मुकादम थोडे कमी मिळवील, परंतु त्याची टोळी पुढल्या साली आपण होऊन त्याच्याकडे येईल.

मनुष्य आपला धनी झाला किंवा केवळ दुसऱ्यांचा धनी झाला, हे त्याच्या घरावरून कळत नाही. त्याच्या हाताखालचा मनुष्य पाच वर्षांनी कोठे आहे, हे विचारावे म्हणजे कळते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांस लिहितावाचता येते त्यांस आमची एक विनंती आहे. उचल वाटली जाते तेव्हा शेजारी जाऊन बसावे. अंगठा उठण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवावा, आणि आकडा किती आहे हे घरच्या बाईसही सांगावे.