शरीराची कसरत कशाने टिकते?

(मननासाठी वचन: तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय 4, ओवी 8)

ह्या ओवीत प्रेषित पौलाने शरीराची कसरत व सुभक्ती ही दोन्ही एका तराजूत घातली आहेत, आणि पहिलीचा उपयोग थोडा व दुसरीचा सर्व बाबतींत आहे असे सांगितले आहे. आपल्यातील पुष्कळ बंधू ह्या वचनाचा पूर्वार्ध मोठ्या आवडीने पुढे करितात आणि व्यायाम न करण्यास शास्त्राधार मिळाला असे मानून स्वस्थ बसतात. परंतु थोडा उपयोग म्हणजे निरुपयोग नव्हे. ज्या प्रेषिताने करिंथ येथील मंडळीला लिहिताना शर्यतीत धावणाऱ्याचा व मुष्टियुद्ध करणाऱ्याचा दाखला दिला, तो कसरतीचा तिरस्कार करणारा होता असे आम्हास वाटत नाही.

दुसरे कित्येक म्हणतात, आम्ही शेतावर राबणारी माणसे. आम्हास निराळा व्यायाम कशाला? जो आजही दिवसभर कुदळ व विळा चालवितो त्याचे म्हणणे खरे आहे. पण नांगरट ट्रॅक्टरने घेतली, चार कोसांची वाट मोटारसायकलने घेतली, आणि शिक्षक, दुकानदार, डेअरीवरचा कारकून व गावोगाव फिरणारा आमचा उपदेशक बंधूही, ह्यांचा दिवस बहुतेक बसून जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांत खेड्यांतील प्रौढ माणसांपैकी शंभरांत सुमारे नऊ जणांस मधुमेह असल्याचे आढळले. हा रोग शहरातल्या पेढीवर बसणाऱ्या शेटजींचा, ही समजूत आता सोडिली पाहिजे.

किती व्यायाम पुरे, ह्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले माप असे: प्रौढ माणसाने आठवड्यातून निदान 150 मिनिटे, चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने अंग हालवावे, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास. हे बहुतेकांच्या कानी आले आहे. मग घडत का नाही?

माणूस व्यायामास लागतो तो बहुधा भयाने. डॉक्टर रक्ताच्या तपासणीचा कागद पुढे करितात, शेजारचा धट्टाकट्टा मनुष्य अकस्मात जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपण वाटेला लागतो. भय हा चांगला जागविणारा आहे, पण तो सोबती नव्हे. पंधरा दिवसांनी कागदावरचा आकडा थोडा उतरला की भय ओसरते व पाय घरातच राहतात. लाजेचे तर ह्याहून वाईट. स्थूल बंधूला उपासनेनंतर चारचौघांत टोमणे मारिले म्हणजे तो उद्यापासून धावू लागेल असे काहींस वाटते. लाज माणसाला घराबाहेर काढीत नाही. ती त्याला घरात कोंडिते.

अमेरिकेतील एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेविषयी एक मत मांडिले, व त्याच्या आधाराने व्यायामासंबंधीही पुष्कळ शोध झाले. त्यांतून निघाले ते असे की, दुसऱ्याच्या दडपणाने किंवा केवळ रूपासाठी जो लागतो तो लवकर सोडितो. आणि ज्याला त्या कामात गोडी वाटते, आपले बळ वाढत आहे असा अनुभव येतो व सोबत मिळते, तो अधिक काळ टिकतो. नियमशास्त्र दोष दाखवू शकते, पण चालण्याचे सामर्थ्य देत नाही, हे ज्यांनी रोमकरांस पत्र वाचिले आहे त्यांस ह्यात फारसे नवल वाटणार नाही.

ह्या गोडीची एक सुरस हकीकत आहे. 1891 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेत अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग रोजच्या कवायतीला अगदी कंटाळून गेला होता. त्यांच्यापुढे दोन शिक्षक हात टेकून बसले. तेव्हा तो वर्ग जेम्स नेस्मिथ नावाच्या तरुणाकडे आला. हा मूळचा कानडा देशाचा, व माँट्रियल येथे ईश्वरज्ञानाचा अभ्यास पुरा करून आलेला. त्याने विद्यार्थ्यांस दोष दिला नाही, दंडही बसविला नाही. पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर ठोकिल्या, तेरा नियम लिहून काढिले, नऊ नऊ जणांचे दोन पक्ष केले आणि मध्ये चेंडू टाकिला. आज ज्याला बास्केटबॉल म्हणतात तो खेळ असा जन्मास आला. माणसे तीच, जागा तीच. कंटाळा तेवढा गेला. आमच्या गावांत टोपल्या ठोकण्याची गरज नाही. कबड्डीची रेघ ओढण्यास काय खर्च येतो? ज्याचे वय त्यापलीकडे गेले आहे त्याने सोबत्याशी बोलत बोलत वेशीपर्यंत जाऊन यावे.

सोबतीविषयी आमच्या भगिनींच्या वतीने एक शब्द बोलणे अवश्य आहे. पुरुष पहाटे रस्त्याने चालला तर कोणी मान वर करून पाहत नाही. सून चालू लागली की ओट्यावरून प्रश्न येतो, "कुठं निघालीस गं?" आणि मागून हसू. ह्या हसण्यापुढे डॉक्टरांचा कागद हरतो, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे. पाळकीणबाई व मंडळीतील दोन वडील बाया तिच्याबरोबर निघाल्या तर तो प्रश्न कोणी विचारीत नाही. मंडळीने हे ओझे उचलिलेच पाहिजे. एकटीच्या निश्चयावर टाकून मोकळे होऊ नये.

सवय लागण्यास वेळ लागतो, ह्याचाही विचार करावा. लंडन येथे 96 जणांवर झालेला एक प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक लहान कृत्य रोज ठरलेल्या एकाच प्रसंगी करावयाचे होते. ते आपोआप घडू लागण्यास लागणाऱ्या काळाचा मधला आकडा 66 दिवस निघाला. पण कोणास 18 तर कोणास 254 दिवस, इतके अंतर. व्यायामाला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा अधिक दिवस लागले. तेव्हा सकाळच्या प्रार्थनेला जोडूनच चालण्याची वेळ ठेवावी. एकाने दुसऱ्याची आठवण राहते. त्याच प्रयोगात असेही दिसले की, एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही.

आणि आमच्या मते सर्व गोष्टीचे मर्म येथेच आहे. पेरणी येते, लग्न येते, ताप येतो, पावसाची झड लागते, खंड पडतोच. पहिला खंड पडला की मन म्हणते, झाले, हे आपल्याने होणार नाही. 2021 साली अमेरिकेतील व्यायामशाळांच्या 61,000 हून अधिक सभासदांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचे वृत्त प्रसिद्ध झाले. चार आठवडे माणसे यावीत म्हणून 54 निरनिराळ्या युक्त्या योजिल्या होत्या. त्यांत सर्वांत फळली ती ही: जो चुकला तो पुन्हा आला, तर परत येण्याबद्दल त्यास काही अल्पसे इनाम द्यावयाचे. इनाम सेंटांत मोजण्याइतके क्षुल्लक होते. बहुतेक युक्त्यांचा परिणाम चार आठवड्यांनंतर ओसरला, हेही सांगितले पाहिजे; इनामाने आणिलेली हजेरी बहुधा इनामाबरोबर जाते. तरी चुकलेल्याचे परत येणे हाच नाजूक क्षण, एवढे त्यातून उघड होते.

लूककृत शुभवर्तमानातील बापाने दूरवरून मुलगा येताना पाहिला तेव्हा तो हिशेबाची वही घेऊन दारात उभा राहिला नाही. तो धावला. वडीलधारा मनुष्य भर वाटेने धावतो आहे, लोक काय म्हणतील, ह्याची त्याने पर्वा केली नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती की, जो तीन आठवडे चालावयास आला नाही त्याच्या दारावरून पहाटे जाताना क्षणभर थांबावे, हाक मारावी, आणि इतके दिवस कोठे होता हे विचारू नये. पहिल्या दिवशी त्यास ओढ्याच्या पुलापर्यंतच न्यावे, सबंध वाट नको. आजारातून उठला असल्यास किंवा चालताना छाती भरून येत असल्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे. आणि पुलावरून परत येताना उद्याची वेळ त्याच्याशी ठरवून घ्यावी.