केवड्याच्या भावकीतलं पान

डोळे मिटा. घाई नाही. गणपतीच्या दिवसांतला बाजार आठवा. पुडीत बांधलेला केवडा. आधी बोटाला लागतो तो काटा, मग येतो वास. त्या काट्यापाशी थोडं थांबा.

आता तोच काटा धरून दूर जाऊ. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर केवड्याच्या भावकीतलं एक झाड आहे, हाला. त्याचं पान ते ‘लाउहाला’. तिथल्या हिलो या पावसाळी गावात दरवर्षी ईस्टरपासून आठवडाभर ‘मेरी मोनार्क’ उत्सव चालतो. १९६४ पासून. नाव राजा कालाकाउआच्या आठवणीचं. मिशनऱ्यांच्या नाराजीमुळे आडोशाला गेलेला हुला नाच त्याने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाला पुन्हा चारचौघांत आणला. गर्दी जमते ती हुलासाठीच.

तुम्ही मात्र बाजूला या, हस्तकलेच्या दालनात. विणत बसलेल्या एखाद्या आजींच्या शेजारी बसा. श्वास संथ होऊ द्या.

वाळलेलं एक लांब पान मांडीवर घ्या. दोन्ही कडांना काटे, मधल्या शिरेलाही काटे. ते आधी काढा. पान पुसा. ओढून, चोळून मऊ करा. बोटांभोवती गुंडाळा. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. भेंडोळं वाढू द्या. मग सारख्या रुंदीच्या पट्ट्या काढा. एवढं झालं, तरी विणायला अजून सुरुवात नाही. (दुकानात लाउहालाच्या टोपीची किंमत ऐकून भुवया वर जातात, त्या इथे खाली येतात.)

हालाच्या नरफुलाभोवतीची पांढरी पातीही तिथे वाया जात नाही. सगळ्यांत तलम चटई तिचीच. आपण अंबाड्यात खोवतो तीही अशीच पात. तो वास क्षणभर आठवा आणि सोडून द्या.

आता विणा. माग नाही, सुई नाही. एक पट्टी खालून, एक वरून. अशाच विणीची शिडं लावून होड्या या समुद्रात फिरल्या. वारा ऐकू येतो का, बघा. नसेल तर नसू दे. खालून, वरून.

आजी काही बोलत नाहीत. तुमच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात. तिथे वीण सैल पडली आहे.

उकला. पट्टी सरळ करा. खालून.