ऐंशी रुपयांचा मासा

आमच्या बऱ्हाणपूरची तापी पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते. आम्ही मात्र इथेच. आईनं सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिलेला नाही. म्हणून असीरगडाच्या पायथ्याशी एका हातगाडीवर काचेचा निळा मासा दिसला, शेपटी लाटेसारखी वळलेली, तेव्हा तिच्यासाठी घ्यावासा वाटला. फिरोजाबादचा माल. गाडीवाल्यानं दीडशे सांगितले. 'भैया, ठीक लगाओ' करत मी ऐंशीवर आणला आणि लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

आईनं तो उजेडात धरला. "आतून पोकळ कसा केला रे?"

मी सांगितलं, वितळलेल्या काचेचा गोळा लांब, पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर घेतात आणि फुंकतात. निळा रंग कोबाल्टचा. मग सावकाश निववायचा. घाई केली तर आपोआप तडकतो.

"म्हणजे फुंकणीच की!" तिचं अर्धं आयुष्य चुलीपुढं गेलेलं. "दम लागत असेल रे त्याला. किती दिलेस?"

मी विषय बदलला.

व्हेनिसनं १२९१ साली आपल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तिथल्या नामांकित उस्तादाची सही असलेल्या अशाच समुद्री वस्तूला संग्राहक लाखो रुपये मोजतात. कसबात फरक असेल, मान्य. पण पैसे कसबाचे किती आणि नावाचे किती? एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघाला, याचा आपल्याला अभिमान. तिथे नळी फुंकणाऱ्या एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे?

जास्त दिले असते तरी ते गाडीवाल्याच्याच खिशात गेले असते, असंही मनाशी म्हणून पाहिलं. पण हा विचार घासाघीस करताना आला नव्हता. आईनं विचारल्यावर सुचला.

गडावरच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजून पूजेला येतो, अशी आपल्याकडे श्रद्धा. त्याच्या कपाळीचा मणी शेवटी युधिष्ठिराच्या मस्तकी गेला, जखम त्याच्याकडे राहिली. पण त्यानं झोपलेल्यांना मारलं होतं. फिरोजाबादच्या भट्टीपुढच्या माणसानं काय केलं होतं?

पुढच्या रविवारी मी सत्तर रुपये वेगळे ठेवून गडाकडे गेलो. गाडी नव्हती.

मासा आईनं शोकेसमध्ये ठेवू दिला नाही. तो तिच्या खिडकीत आहे. सकाळी भिंतीवर निळा डाग हलतो. काल तिनं पुन्हा किंमत विचारली.

मी दीडशे सांगितले.