तिकिटं काढलीस, विचारलंस कुणाला?

आलास ते बरं केलंस. काल क्वायरची प्रॅक्टिस संपल्यावर तुझी मुलगी मागे रेंगाळली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, आम्ही १८ तारखेला मनालीला जातोय. २४ ला रात्री थेट चर्चमध्ये येऊ. पप्पांनी सांगायला सांगितलंय." तिकिटं तू काढलीस, हॉटेल तू ठरवलंस, आणि बाईंसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा नऊ वर्षांच्या पोरीला पुढे केलंस. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. याच हॉलमध्ये बसून तू गायला शिकलास, म्हणून सरळ बोलतेय. वाईट वाटलं तर वाटू दे.

तुझा बेत मी ऐकला. २३ च्या रात्री मनालीहून बस, २४ ला सकाळी दिल्ली, दुपारचं विमान, संध्याकाळी मुंबई, रात्री वसईत नाताळची मिस्सा. कागदावर फारच सुबक. आता एकेक टप्पा माझ्यासमोर मोज. मनाली ते दिल्ली ५०० किलोमीटरच्या वर रस्ता, त्यातला बराचसा घाटाचा. बसला बारा तासांहून कमी लागत नाहीत. डिसेंबर सरत आला की दिल्लीवर पहाटे धुकं उतरतं, हे दर वर्षी बातम्यांत बघतोस ना? सकाळची विमानं अडकली की तीच विमानं पुढच्या फेऱ्यांना उशिरा पोचतात, म्हणजे दुपारचं विमानही बोंबललं. समजा, सगळं वेळेवर झालं. मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी विमानतळावरून निघून दहिसर, वर्सोवा पूल, वसई फाटा. त्या रस्त्याला रोज शिव्या कोण देतं? तूच. की बॅगा घेऊन अंधेरीहून विरार फास्टमध्ये चढणार आहेस? यातला एक टप्पा दोन तासांनी चुकला की बाकीची मुलं वेदीपाशी उभी राहतील आणि तुझी पोर गाडीच्या काचेतून पूल बघत बसेल. हा बेत आखताना तू जागा होतास ना?

बरं, धरून चालू की सगळं घड्याळाच्या काट्यावर झालं. पोचली पोर. पण कोणत्या अवस्थेत? समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवरच्या कोरड्या, गोठवणाऱ्या हवेत पाच दिवस काढून, बर्फात मनसोक्त किंचाळून, रात्रभर बसमधल्या हीटरसमोर पेंगून. मधल्या सप्तकात पांढरी एकचा सूर लावला की गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला सुमारे २६२ वेळा एकमेकांवर आपटतात. एक सप्तक वर गेलं की त्याच्या दुप्पट. आपली मुलं त्या वरच्या सुरांतच गातात. त्या नाजूक पडद्यांना झोप, पाणी आणि दमट हवा लागते. आपल्या वसईच्या हवेत ओल आहे, घरात पाणी आहे आणि झोपायला तिची स्वतःची गादी आहे. हे सगळं सोडून तू तिला सुकवून आणणार आणि मग बसलेल्या गळ्याने ती बेसूर झाली की लोक म्हणणार, बाईंनी नीट बसवलं नाही.

"पण बाई, तिला सगळं पाठ आहे." हे तू म्हणणार, मला ठाऊक होतं. पाठ तर तुझ्या मोबाइललाही आहे. त्याला का नाही उभा करत वेदीपुढे? अरे, आतापर्यंत पहिला आवाज वेगळा बसवलाय, दुसरा आवाज वेगळा. दोन्ही एकत्र येतात ते शेवटच्या आठवड्यात. तेही या हॉलमध्ये नाही, चर्चमध्ये. इथलं छत खाली, तिथलं उंच. इथे सूर लगेच कानावर येतो, तिथे तो वर जाऊन, फिरून, उशिरा परततो. मुलं त्या परतणाऱ्या सुरामागे गेली की लय हमखास रेंगाळते. तो सूर कानाआड करून माझ्या हाताकडे बघायचं, हे चर्चमध्ये उभं राहूनच शिकावं लागतं. १८ ते २३ मध्ये आम्ही नेमकं हेच करणार आहोत, आणि नेमके हेच दिवस तू बर्फाला दिलेस.

आणि पुढचं वाक्यही माझ्या कानावर आलंय. तुझी बायको बाहेर कुणाला तरी म्हणाली, "सोलो कुठेय तिला? कोरसच तर आहे." तिलाही आत बोलाव. दोघं ऐका. तुमच्या मुलीला मी दुसऱ्या आवाजात ठेवलंय. त्या आवाजात मुलं थोडीच आहेत आणि सूर लांब धरायचे आहेत. एवढा लांब सूर एका दमात कोणाच्याच छातीत मावत नाही. म्हणून प्रत्येकाला श्वास घ्यायची जागा नेमून दिली आहे. शेजारची मुलगी श्वास घेते तेव्हा तुमची गात असते आणि तुमची श्वास घेते तेव्हा शेजारची सूर धरून ठेवते. ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो, तो याच हिशेबावर. तुमची मुलगी नसली, किंवा आली पण तो हिशेब विसरून आली, तर शेजारचीने श्वास घ्यायचा कधी? एकटी गाणारी मुलगी आजारी पडली तर तो भाग गाळता येतो. कोरसमधली गेली तर भोक पडतं, आणि ते दुसऱ्यांच्या मुलांना भरावं लागतं. तुझ्या सहलीचा भुर्दंड त्यांनी का सोसायचा?

'सायलेंट नाइट' गाण्याची गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती, विसरलास? १८१८ सालच्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर यांची. दोघे गायले, मोर यांनी गिटार वाजवली, आणि क्वायरने काय केलं? प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळी फक्त परत म्हटल्या. तेवढंच. उरलेला वेळ त्या क्वायरला गप्प उभं राहून ऐकायचं होतं. तू पटकन म्हणशील, "चाल तर त्यांनी त्याच दिवशी बांधली, मग आम्हाला एवढ्या प्रॅक्टिस कशाला?" दोन मुरलेले गाणारे आणि एक गिटार असेल तर एका दिवसात होतं. नऊ-दहा वर्षांची मुलं, दोन आवाज आणि उंच छत असेल तर होत नाही. दोन्हीतला फरक तुला कळतो, म्हणूनच तुझ्यावर रागावतेय.

तुला हेही माहीत आहे की आगमनकाळातल्या चारही रविवारी मिस्सेत ग्लोरिया म्हणत नाहीत. सगळं चर्च चार रविवार ते आवरून धरतं आणि नाताळच्या रात्री ते, घंटांसकट, मोकळं होतं. लूकच्या शुभवर्तमानात रानातल्या मेंढपाळांना दूतांनी जे ऐकवलं, त्यावरून ते सुरू होतं. आणि या वर्षी ते मुलांनी सुरू करायचं ठरलंय. गावातली म्हातारी माणसं त्या क्षणाची वाट बघत बसलेली असतात. तिथे तुझी मुलगी दमून, अर्धवट झोपेत, कोट काढायलाही वेळ न मिळालेली, अशी धापा टाकत येऊन उभी राहणार? एखाद्या लग्नाला नवरी मुहूर्ताला रिक्षातून उतरावी, तसं?

सुट्टी तेवढीच मिळते, म्हणतोस. खोटं आहे. क्वायरच्या तारखा मी ऑक्टोबर उजाडताच दिल्या होत्या, छापील कागदावर, पालकांच्या सहीसह. तुझी सही माझ्याकडे आहे, दाखवू? त्या दिवशी ऑफिसात २६ पासूनची रजा मागितली असतीस, तर मुलांच्या शाळेला सुट्टी होतीच आणि साहेबालाही काही सुचायच्या आत अर्ज गेला असता. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस असायचे, नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. म्हणजे २६ डिसेंबरच्या गाडीची खिडकी २७ ऑक्टोबरला सकाळी ८ ला उघडली होती. तेव्हा तू काय करत होतास? १८ चं स्वस्त विमान बघत होतास. स्वस्त का होतं, हे विचारलंस का स्वतःला? कारण शाळा तेव्हा चालू असतात. म्हणजे शाळाही बुडवणार होतास.

पैसे बुडतील म्हणतोस. बुडू देत थोडे. तारीख बदलायचा दंड भरून पुढचं तिकीट मिळतंय का बघ; नाही मिळालं तर या वर्षी मनाली राहू दे. थंडी हवी असेल तर २६ ला आपल्याच जिल्ह्यात जव्हारला जा. पहाटे शाल लागते, जय विलास पॅलेस आहे, दाभोसाचा धबधबा आहे. आणि तिथून परत यायला धुक्याची परवानगी लागत नाही.

सहल काढायची एवढी हौस असेल तर यंदा उलटी काढ. लोकांना इकडे आण. तुझा भाऊ कुवेतहून येणारच आहे ना? त्याला २२ लाच उतरायला सांग. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. एक-दोन रात्री घरी झोपला की रात्रीच्या मिस्सेत बाकावर घोरणार नाही. नाशिकच्या सासू-सासऱ्यांना २४ च्या दुपारी धावतपळत आणू नकोस, २३ ला आण. म्हाताऱ्यांचे गुडघे प्रवासानंतर एक दिवस मागतात. २४ ला दुपारी पोरीला झोपव. पाहुणे आले म्हणून तिला करंज्या वळायला बसवू नकोस, पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव गं" म्हणून उभं करू नकोस. संध्याकाळी ६ ला हलकं जेवण, तळलेलं नाही, थंड सरबत नाही. ८ ला तिला हॉलवर सोड आणि निघून जा. दारात उभं राहू नकोस, केस नीट करायला आत येऊ नकोस.

चर्चमध्ये आल्यावर कसं वागायचं, तेही सांगून ठेवते, कारण गेल्या वर्षी मी बघितलंय सगळ्यांना. मिस्सा म्हणजे शाळेचं गॅदरिंग नव्हे. मोबाइल वर धरून पुढच्या रांगेत उभं राहायचं नाही. मागची सगळी माणसं तुमच्या स्क्रीनमधून मिस्सा बघायला येत नाहीत. मुलीला हात हलवायचा नाही. तिने तुझ्याकडे बघितलं की माझ्या हाताकडचं लक्ष सुटतं. गाणं झालं की टाळ्या नाहीत. आणि पोरीचं गाणं झालं म्हणून अर्ध्यातून उठून निघायचं तर मुळीच नाही.

आणि असं समजू नकोस की मला कुणाच्या अडचणी कळत नाहीत. ताप आलेल्या मुलाला मीच घरी पाठवते. घरात कुणी गेलं तर मी स्वतः येते आणि त्या मुलाची जागा मोकळी ठेवते. अडचण वेगळी आणि हौस वेगळी. तुझी हौस तू अडचणीच्या कपड्यांत घालून पाठवलीस, तीही पोरीच्या हाती. तिला विचारलंस का, तुला कुठे जायचंय? मी काल विचारलं. काय म्हणाली ते मी तुला सांगणार नाही. घरी जा आणि स्वतः विचार. तिच्याकडे बघून, मोबाइल खाली ठेवून.

रविवारपर्यंत मला उत्तर हवं. यायचं तर १८ पासून एकही प्रॅक्टिस चुकता कामा नये. जायचं तर खुशाल जा, मी तोंड वाकडं करणार नाही, पण मग तिचं नाव काढते आणि दुसऱ्या आवाजाचे श्वास नव्याने वाटते. त्याला मला वेळ लागतो. "बघू, जमवू" हे उत्तर चालणार नाही. आणि या वेळी निरोप घेऊन पोर येणार नाही. तू येशील. प्रॅक्टिस ४ ला सुरू होते. ४ म्हणजे ४.